एटीआर ७२ घेऊ की नको? तासाभराच्या फेऱ्यांसाठी टर्बोप्रॉप हवंय

उजळाईवाडीचा_बघ्या

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. विमान घ्यायचंय ते खरं नव्हे, संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी (सिम). एटीआर ७२ म्हणजे दोन प्रोपेलरचं छोटं प्रवासी विमान, आणि टर्बोप्रॉप म्हणजे टर्बाइन इंजिनावर प्रोपेलर फिरवणारं विमान.

मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात आहे. कास्टिंगला गेज लावायचं, माप लिहायचं, नापास निघालं की शॉपवाल्यांशी वाद घालायचा. कोल्हापूरचा विमानतळ आम्हाला एवढा जवळ, की विमान उतरताना शेडखालचं बोलणं मध्येच थांबवावं लागतं. एटीआरचा आवाज मला आता न बघता ओळखू येतो. पूर्वी मी बाहेर पळालो की सुपरवायझर ओरडायचे. आता तेच हाक मारतात, "तुझं आलं बघ रे."

गेल्या वर्षी मावसभावाच्या साखरपुड्याला हैदराबादला जायचं होतं. नेहमीची रातराणी सोडून पहिल्यांदाच त्या विमानात बसलो. आमच्याकडं बसबिस काही नाही, इमारतीतनं बाहेर पडून चालतच विमानापर्यंत. एटीआरचं प्रवाशांचं दार मागं, डाव्या अंगाला. सामान पुढनं चढवतात. शेपटाखाली एक टेकू लावलेला होता, सगळे मागनंच चढणार म्हणून बूड टेकू नये यासाठी. मला जागा मिळाली उजवीकडं खिडकीची. बघतो तर प्रोपेलरची सहाही पाती गप्प उभी. पण इंजिनामागची हवा थरथरत होती. आमच्या लॅडलमध्ये वितळलेलं लोखंड असलं की वर दिसते, अगदी तशीच. इंजिनाचा आवाज चालू, डोक्यावरनं गार हवा चालू, आणि पंखा बंद! एअर होस्टेस बाईंना विचारलं, तर त्या हसून "सर, सीट बेल्ट" म्हणाल्या.

परत आल्यावर शोधलं. त्याला हॉटेल मोड म्हणतात. एटीआरला शेपटीत वेगळं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नसतं. मग उजव्या प्रोपेलरला ब्रेक लावून नुसतं इंजिन चालू ठेवतात आणि विमान उभं असताना वीज-हवा त्यातनं घेतात. हे वाचलं आणि तेव्हापासनं डोक्यात किडा घुसलाय.

सिम म्हणाल तर एमएसएफएस २०२०, म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर. लॅपटॉप रायझन ५, आरटीएक्स ३०५० चार जीबीवालं, रॅम १६ जीबी. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो काठी आहे, तिला थ्रॉटलसाठी एकच सरकती पट्टी. आजवर उडवत आलोय फ्लायबायवायरचं फुकटातलं ए३२०. त्याबद्दल तक्रार करायला जीभ वळत नाही, एवढं काम त्या लोकांनी फुकट करून ठेवलंय. पण माझ्या फेऱ्या बघा. मुंबई-कोल्हापूर सरळ रेषेत १६५-१७० नॉटिकल मैल. हैदराबाद-कोल्हापूर २४० च्या आसपास. मुंबईहून एअरबस चढून जरा स्थिरावतंय तोवर उतरणीचं गणित सुरू. घाट कधी मागं पडला ते कळतसुद्धा नाही.

म्हणून टर्बोप्रॉप. दोन नावं डोळ्यांपुढं आहेत. एक, मायक्रोसॉफ्टनं हान्स हार्टमन यांच्याकडनं करून घेतलेली एटीआरची जोडी, ४२-६०० आणि ७२-६००. एप्रिल २०२३ मध्ये आली, वीस डॉलरला, आणि मिळते फक्त सिमच्या आतल्या मार्केटप्लेसवर. दुसरं, ब्लॅक स्क्वेअरनं बनवलेलं टीबीएम ८५०, एका इंजिनाचं छोटं टर्बोप्रॉप, विकायला जस्ट फ्लाइटकडं. ते बरंच महाग, पण लोक म्हणतात त्यातलं इंजिन चुकीला माफ करत नाही.

आता भीती कसली ते सांगतो. मागच्या दिवाळीत एका छोट्या कंपनीचं (नाव घेत नाही) दोन इंजिनांचं टर्बोप्रॉप घेतलं. फोटो बघून नाद खुळा झाला होता. सीटच्या शिवणीचा दोरा न् दोरा दिसतोय. आणि इंजिन? प्रोपेलरचा लिव्हर मागं ओढला की आवाज बदलायचा, बाकी काही नाही. आयटीटीचा, म्हणजे इंजिनाच्या आतल्या तापमानाचा, काटा टेकऑफलाही तिथंच, उतरतानाही तिथंच. आमच्याकडं अडकलेलं डायल गेज असलं की आम्ही त्याला लाल चिठ्ठी लावून कपाटात टाकतो. चौदाशे रुपये गेले. दुधानं तोंड पोळलंय, म्हणून आता ताक फुंकतोय.

घरी विषय काढला, "एक विमान घ्यायचंय." मंडळी म्हणाल्या, "आधी मिक्सरच्या चटणीच्या भांड्याचा कपलर आणा, आठ दिवस झाले पाट्यावर वाटतेय." तेव्हा पैसे एकदाच जाणार. एटीआर घेऊ, टीबीएम घेऊ, का गप बसू?

फुकट_ते_पौष्टिक

गप बसा.

चेष्टा नाही, मनापासून सांगतोय. तुमच्या सिममध्ये सेसना कॅराव्हॅन आणि किंग एअर ३५० विकत न घेता पडून आहेत. कॅराव्हॅनला पीटी६ इंजिन आहे, म्हणजे पॉवर, प्रोपेलर आणि कंडिशन (इंधनाचा) असे वेगवेगळे लिव्हर आले. त्यावर किती तास झाले तुमचे? शून्य ना? मग टर्बोप्रॉप आवडतं हे कशावरून ठरवलंत? खिडकीतून बघून?

दहा फेऱ्या करा, ऑटोपायलटशिवाय. इंजिन सुरू करताना स्टार्टर लावा, एनजी (इंजिनाच्या आतल्या भागाचा वेग) १२ टक्क्यांच्या वर जाऊन स्थिर होऊ द्या, मगच कंडिशन लिव्हर लो आयडलला न्या. आधी नेलात तर खऱ्या इंजिनात इंधन जास्त, हवा कमी, आणि आतली पाती भाजून निघतात. सिममधलं फुकटचं इंजिन तुम्हाला सोडून देईल. तुम्ही तपासनीस आहात, वहीत स्वतःच "नापास" लिहा.

उतरणीचं गणितही हातानं करा. १६ हजार फुटांवर असाल आणि कोल्हापूर दोन हजारांवर, तर १४ हजार उतरायचे, त्रिक बेचाळीस, म्हणजे ४२ मैल आधी नाक खाली. दहा फेऱ्यांनंतरही खाज राहिली तर खुशाल खर्च करा. बहुतेकांची राहत नाही, हा माझा अनुभव. ॲड-ऑन, म्हणजे सिमसाठीची जादा विमानं, विकत घेणं हा वेगळा छंद आहे आणि उडवणं हा वेगळा.

वास्को_हँगर

उजळाईवाडीकर, तुमची ती "हवा थरथरत होती" ही ओळ वाचून लिहायला बसलो. मी नौदलात तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त. दाबोळीला डॉर्नियर २२८ वर वर्षं गेली. सिम मी खेळत नाही, नातू खेळतो आणि मी मागे बसून चुका काढतो.

तुम्हाला जे दिसलं ते सगळ्या टर्बोप्रॉपवर दिसणार नाही. आमच्या डॉर्नियरचं टीपीई३३१ हे एका शाफ्टचं इंजिन. आतला कंप्रेसर आणि बाहेरचा प्रोपेलर गिअरमधून कायमचे जोडलेले. इंजिन फिरलं म्हणजे प्रोपेलर फिरलाच. म्हणून ते जमिनीवर उभं असतानाही कानठळ्या बसवतं. पीटी६ आणि एटीआरचं पीडब्ल्यू१२७ यांची जात वेगळी. त्यांत प्रोपेलर फिरवणारा टर्बाइन सुटा असतो. त्याच्या आणि गॅस जनरेटरच्या (गरम वायू तयार करणारा आतला भाग) मध्ये लोखंड नाही, फक्त गरम वायूचा झोत.

तुमच्या घरातलंच उदाहरण घ्या. मिक्सरच्या मोटरीला भांडं कपलरनं जोडलेलं असतं, ते झालं टीपीई३३१. आता दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा त्याच्या वाऱ्यानं फिरू लागेल. दुसऱ्याची पाती काठी घालून अडवा. पहिल्याला काही फरक पडत नाही. ते झालं तुमचं हॉटेल मोड.

पण त्यात एक मेख आहे, आणि तीच तुमच्या खरेदीची परीक्षा समजा. एटीआरचे डीसी जनरेटर इंजिनाच्या आतल्या भागावर चालतात, तर बदलत्या फ्रिक्वेन्सीच्या एसी विजेचे जनरेटर प्रोपेलरच्या गिअरबॉक्सवर. म्हणजे ब्रेक लागलेला असताना डीसी मिळेल, हवा मिळेल, पण त्या इंजिनाकडून ती एसी वीज मिळणार नाही. ज्यानं विमान बनवलं त्याला हे ठाऊक आहे का, ते व्हिडिओत विजेचं पान उघडलेलं असेल तिथं दिसेल. हे बरोबर असेल तर बाकीचंही बहुधा बरोबर असेल. सीटची शिवण बघू नका.

आणखी एक, उभी विमानं बघा. पीटी६ बंद झालं की तेलाचा दाब जातो आणि पाती फेदर होतात, म्हणजे वाऱ्याला धार दाखवून उभी राहतात. डॉर्नियरची पाती बंद असताना चपटी दिसतील, कारण सुरू करताना भार पडू नये म्हणून ती लॉकवर टेकवून ठेवतात. ज्या सिममध्ये सगळ्याच विमानांची पाती सारखी उभी दिसतात, तिथं आमचा नातूही आता पैसे घालत नाही.

टोरांटोचा_टपरीवाला

एटीआरसारखंच दुसरं टर्बोप्रॉप, क्यू४००, त्याचं नाव कोणीच कसं घेतलं नाही? आमच्या डाउन्सव्ह्यूच्या कारखान्यात बनायचं ते. पीडब्ल्यू१५०ए, पाच हजारांवर शाफ्ट हॉर्सपॉवर, एटीआरच्या दुपटीच्या आसपास. बेटावरच्या बिली बिशप विमानतळावर पोर्टरची क्यू४०० उतरताना बघायला मी अजून जातो. धावपट्टी जेमतेम १२०० मीटर.

एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये फ्लायजेसिमचं क्यू४०० आहे आणि मी तेच उडवतो. पण तुम्ही घेऊ नका. एका विमानासाठी अख्खा सिम बदलायचा, परत सगळं डाउनलोड, परत काठीची सगळी बटणं बसवायची, आणि १७० मैलांवर वाचणार पाचदहा मिनिटं. शिवाय कोल्हापुरात तुमच्या डोक्यावरून जातं ते एटीआर. मला क्यू४०० का आवडतं? घरावरून जायचं म्हणून. तेवढंच.

नांदेड_०९

एटीआरवाला मी. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेची पहिली विमानं निघाली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं आणि ते एटीआर ७२ होतं. आमच्या गावात त्या दिवशी विमानतळाच्या कुंपणाला जत्रा. मी कुंपणाला लटकलेल्यांत.

तुमच्याएवढ्याच ताकदीचा लॅपटॉप आहे माझा, ३०५० च, १६ जीबी. टेक्स्चर मध्यम, ढग मध्यम, बाकी गाड्या-माणसं बंद. नांदेड-हैदराबादवर तिशीच्या आगेमागे एफपीएस (सेकंदाला चित्रं) मिळतात, मुंबईत उतरताना विशीत येतात. चालतंय. चार जीबीचं कार्ड आहे, जास्त हाव धरू नका.

शिकायला अवघड नाही, पण एअरबसची सवय मोडावी लागते. ऑटोथ्रॉटल, म्हणजे पॉवर आपोआप सांभाळणारी सोय, नाही. हे पुन्हा वाचा. ऑटोथ्रॉटल नाही! पॉवर मॅनेजमेंटची एक गोल कळ आहे, टेकऑफ (टीओ), एमसीटी (सतत वापरता येणारी कमाल ताकद), क्लाइंब, क्रूझ. टेकऑफला कळ टीओवर, पॉवर लिव्हर खाचेत. प्रोपेलर १०० टक्के, म्हणजे मिनिटाला १२०० फेरे. वर गेल्यावर कळ क्लाइंबला फिरवली की प्रोपेलर ८२ टक्क्यांवर येतो आणि आवाज एकदम बदलतो. तुम्ही विमानात बसलेले आहात, तुम्हाला तो बदल आठवेल. उड्डाणानंतर दोनेक मिनिटांनी नवखे प्रवासी एकमेकांकडं बघतात, तोच.

तुमच्या एका सरकत्या पट्टीवर दोन्ही पॉवर लिव्हर बसवा. खाच कुठं येते ते हाताला कळत नाही, म्हणून मी पट्टीशेजारी नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. कंडिशन लिव्हर (एटीआरमध्ये इंधन आणि प्रोपेलर दोन्ही त्यावरच) कळफलकावर द्या. पण एक ऐका, फ्लॅपच्या बटणापासून लांब द्या. १५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ पडलं, ७२ माणसं गेली. चौकशीत निघालं ते हेच, उतरताना फ्लॅपचा लिव्हर हलवायचा होता आणि दोन्ही कंडिशन लिव्हर फेदरला गेले. पाती धार दाखवून फिरत राहिली, ओढ संपली. त्या अहवालाआधी कंडिशन लिव्हर म्हणजे काय हे मला नीट माहीत नव्हतं. नंतर मी माझी बटणं बदलली. सिममध्ये कोणी मरत नाही हे मलाही कळतं, तरी बदलली.

उतरताना वीस फुटांपर्यंत थोडी पॉवर ठेवा. आधीच पट्टी मागं ओढलीत तर एवढाले दोन पंखे ब्रेकसारखे लागतात आणि विमान पोतं टाकल्यासारखं खाली येतं. माझ्या पहिल्या पंधरा लँडिंगांबद्दल बोलायला नको.

तांबडी_रेघ

मी पुण्याचा, टीबीएम ८५० वाला, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजून वाचा.

ब्लॅक स्क्वेअरच्या विमानात मजा प्रवासाची कमी, बाळगण्याची जास्त. विद्युत यंत्रणा ब्रेकरपर्यंत खरी आहे. एखादा ब्रेकर ओढा आणि काय काय मरतं ते बघत बसा. बिघाड होऊ द्यायचे की नाही, किती वेळानं, ते तुम्ही ठरवायचं. बॅटरी थकलेली असताना स्टार्ट घाईनं केलात तर आयटीटी तांबड्या रेघेपार जातो, आणि मग तुमचं तोंड बघण्यासारखं होतं. माझं झालंय, दोनदा. खाली टॉर्कची मर्यादा आधी लागते, वर गेलं की तापमानाची. म्हणजे चढताना एका काट्यावरची नजर हळूहळू दुसऱ्यावर न्यावी लागते. तो क्षण मला अजून आवडतो.

पण किमतीचं खरं सांगतो, कारण हे कोणी आधी सांगत नाही. विमान एकटं येत नाही. आत जीटीएन ७५०, म्हणजे नकाशा-दिशादर्शकाचा पडदा, लावायचं तर ते बाहेरून आणावं लागतं. पीएमएस५० यांनी बनवलेली त्याची साधी आवृत्ती फुकट आहे, पूर्ण हवी तर पैसे. मग वाटतं नकाशे हवेत, नॅव्हिग्राफची वर्गणी. मग वाटतं एका पट्टीवर भागत नाही, तीन लिव्हरचा वेगळा खोका, क्वाड्रंट, हवा. माझा हिशेब बायकोला दाखवलेला नाही. नकाशांपुरतं तुम्हाला सुचवतो, भारतीय विमानतळांचे ॲप्रोचचे तक्ते विमानतळ प्राधिकरणाच्या ई-एआयपीत (वैमानिकांसाठीची ऑनलाइन माहितीपुस्तिका) फुकट मिळतात. कोल्हापूरसाठी कोणाला वर्गणी द्यायची गरज नाही.

घेण्याआधी जस्ट फ्लाइटच्या पानावरून टीबीएमची माहितीपुस्तिका उतरवा आणि वाचा. वाचताना कंटाळा आला तर विमान घेऊ नका. रात्री दोनपर्यंत वाचत बसलात तर मग बोलू.

उजळाईवाडीचा_बघ्या

सगळ्यांचे आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

वास्कोच्या काकांचं टेबलफॅनचं उदाहरण घरात करून बघितलं. एकच फॅन होता, शेजारचा आणला. पोरगी पाचवीत आहे, तिनं झाडूच्या काडीनं दुसरा फॅन अडवला आणि पहिला फिरत राहिला. मंडळींनी विचारलं, मिक्सर कधी दुरुस्त होणार.

मी एक काम केलं. माझी उड्डाणांची वही आहे, साधी दोनशे पानी, तारीख-कुठनं-कुठं-किती वेळ. ती काढून मोजली. जूनपासनं ६३ फेऱ्या. त्यातल्या ४४ तासाभराच्या आतल्या. ३१ मध्ये एक टोक कोल्हापूर. आणि हे मला माहीत नव्हतं: बंद विमानापासनं सुरुवात करून शेवटी सगळं बंद करून उठलोय, अशा फेऱ्या फक्त सहा. बाकी सगळ्या धावपट्टीवर सुरू आणि धावपट्टीवरच सोडून दिलेल्या. कुणीतरी हाक मारली, पाणी आलं, नाहीतर शिफ्टची वेळ झाली.

टीबीएमची पुस्तिका उतरवली. रात्री दोनपर्यंत वाचली, हे खरं. पण ते विमान रोजच्या रोज हाताखालनं जायला हवं. मला आठवड्यात दीड-दीड तासाचे दोन डाव मिळतात, त्यात त्याची निगा राखायची कधी आणि उडवायचं कधी? आमच्याकडं चांगलं मशीन अडाणी शिफ्टला दिलं की काय होतं ते मी रोज बघतो. लिव्हर तीन, पट्टी एक. तांबडी रेघ साहेब, तुमचं म्हणणं पटलं, म्हणूनच घेत नाही.

फुकट_ते_पौष्टिक यांच्याशी मात्र निम्माच सहमत. कॅराव्हॅनवर दहा फेऱ्या करणार, वहीत नापाससुद्धा लिहिणार. पण खिडकीतनं बघून आवड ठरवली तर चुकलं काय? आवड आणखी कुठनं ठरते?

तर क्रम असा: कपलर, कॅराव्हॅन, एटीआर. क्यू४०० बद्दल टोरांटोकरांनी जे सांगितलं, त्यानंच माझा निर्णय झाला, त्यांना कळलं नसलं तरी.

उजळाईवाडीचा_बघ्या

महिन्यानं येतोय. कपलर ऐंशी रुपयांत मिळाला, शाहूपुरीत. कॅराव्हॅनच्या दहापैकी चार नापास: दोन स्टार्टच्या घाईनं, एक उतरण उशिरा सुरू केली म्हणून, आणि एकदा फ्लॅपच विसरलो. एटीआर परवा घेतलं.

पहिलं लँडिंग नांदेडकरांनी सांगितलं तसंच, पोतं. दुसरं बरं. घाटावरनं संध्याकाळी १६ हजारांवर येत होतो, खाली राधानगरीचं पाणी दिसलं. एअरबसमधनं कधी बघितलंच नव्हतं, कारण त्या वेळी डोकं पडद्यात असायचं. एटीआरमध्येही पडदे आहेतच, पण वेळ आहे. मंडळी चहा ठेवून गेल्या आणि मी तो गरम असताना प्यायलो.

पण आता अडलोय. कोल्हापूरच्या स्टँडवर उभा आहे. डावं इंजिन बंद केलं. उजव्याचा कंडिशन लिव्हर फेदरला. निळ्या हायड्रॉलिकचा दाब आहे, काटा बघितला. प्रॉप ब्रेकच्या कळीवरचा रेडीचा दिवा लागतच नाही. वीस मिनिटं झाली. ज्यासाठी घेतलं तेच होईना. पोरगी शेजारी बसून विचारतेय, "पप्पा, फॅन कधी बंद होणार?" वास्को काका, आहात का?

वास्को_हँगर

आहे. गस्ट लॉक लावलंत का? म्हणजे उभं असताना वाऱ्यानं हलू नयेत म्हणून पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्यांना लावायचं कुलूप. पॉवर लिव्हर ग्राउंड आयडलला आणा आणि गस्ट लॉक ओढा. विमान उभं आहे आणि त्या पट्ट्यांना कुलूप आहे, याची खात्री झाल्याशिवाय ते ब्रेक लावू देत नाही.

उजळाईवाडीचा_बघ्या

लागला दिवा. पाती थांबली. इंजिन चालू.

पोरगी म्हणतेय, मागं हवा थरथरत नाही. ग्राफिक्स मध्यमवर आहेत, थांबा, वाढवून बघतो.